यादीत नसलेलं यंत्र

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

आज आमचे कॉम्प्युटर सांभाळणारे अमृत सर पुण्याला गेले, ते कायमचेच. जाताना कारखान्यातल्या सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि आमचे शेतकी अधिकारी कानिफनाथ साहेब यांना म्हणाले, "नवा माणूस मिळेपर्यंत उजागरे मॅडम बघतील." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अकरा हंगाम मी त्यांच्या ऊस विभागात कॉम्प्युटर चालवतेय, पण इतकं नीट त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं असेल.

'नवा माणूस मिळेपर्यंत' हे मी ऐकलंच नाही असं ठरवून टाकलंय.

खोलीत एक काळी पेटी आहे, आमच्या फ्रीजच्या निम्मी. पेटी एकच, पण तिच्या पोटात पाच यंत्रं चालतात. त्यांना हात लावता येत नाही. पेटीची ताकद पाच जणांत वाटून दिलेली, आणि प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र. एक वजनकाट्याचं, एक गेटवरच्या टोकनचं, एक हजेरीचं, एक प्रयोगशाळेचं आणि एक ऊसनोंदीचं. ऊसनोंदीचं ते माझं. कोणी कुठल्या गटात कुठल्या तारखेला ऊस लावला ते सगळं त्यात असतं, आणि त्या तारखेवरून कोणाच्या शेतात तोडणीची टोळी आधी जाणार ते ठरतं. या पाचांशी बोलायचं ते काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून. माऊस नाही, चित्रं नाहीत. सरांनी वहीच्या एका पानावर सहा कमांड लिहून दिल्यात आणि पेटीवर चिठ्ठी चिकटवलीय, 'बंद करू नये'.

कागदावर मी हंगामी आहे. हंगामाला पत्र निघतं, हंगाम संपला की माझी सेवा संपते, आणि आठवडाभरात साहेबांचा फोन येतो, "या बाई, काम पडलंय." असे बारा महिने भरतात. मला त्याचं काही वाटत नाही. किल्ली मात्र घरी आणलीय आणि पर्समधून दोनदा काढून पाहिली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज हजेरीचं यंत्र बंद करून परत चालू केलं. जेवणाच्या सुट्टीत, कोणी हजेरी लावायला येणार नाही अशी वेळ साधून. virsh shutdown hajeri असं टाइप केलं आणि एंटर दाबलं. एकोणचाळीस सेकंद काहीच झालं नाही. मग virsh list देऊन यादी मागितली तर हजेरी त्यात नाही.  मागे --all लावलं तेव्हा ती खाली दिसली, बंद म्हणून. म्हणजे नुसती यादी मागितली की जागे असलेलेच हात वर करतात, आणि 'ऑल' म्हटलं की झोपलेलेही मोजले जातात. हे मी लाल शाईने लिहून ठेवलं. नंतर start दिलं आणि हजेरी आली.

छबूबाई आमच्या विभागाची झाडलोट करतात. त्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, ह्यात पाच मिशनी हायेत म्हन्तात, मंग आवाज एकाचाच कसा येतो?"

मी त्यांना समजावलं. राबणारी पेटी एकच, तिच्या जिवावर पाच जण आपापलं काम करतात.

"मंग आमच्या घरावानीच हाय की," छबूबाई म्हणाल्या. "राबती एक सून, न् नाव पाच जनांचं."

एवढ्या कमी शब्दांत तर अमृत सरांनाही सांगता आलं नव्हतं. मी त्यांना चहा पाजला.

सोमवार, २९ सप्टेंबर

मनकर्णाबाई आल्या होत्या. घोड नदीच्या अंगाला त्यांचा अडीच एकर अडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस आहे, एकट्याच बघतात. तीन वर्षं झाली, हंगामाआधी येतात आणि आपली नोंद छापून घेतात. त्याआधी याद्या हाताने निघायच्या. तेव्हा त्यांची लागण जुलैची असून टोळी मार्चमध्ये आली, उसाला तुरे फुटून वजन घटलं होतं. त्या कधी भांडल्या नाहीत. नुसत्या येऊन बाकावर बसतात.

"ताई, यंदा नंबर लागंल ना टायमात?"

"लागेल मावशी. गेल्या वर्षीची अकरा जुलैची लागण आहे, पहिल्या आठवड्यातच लागेल. मशीनमध्ये आहे."

"तुमी म्हन्ता म्हंजी हाय," असं म्हणून कागदाची चार घड्यांची पुडी करून त्यांनी ती कमरेच्या पिशवीत ठेवली. माणसं असं बोलली की मला दिवसभर बरं वाटतं. माझा नवरा जेम्स म्हणतो, मला कौतुकाची चटक आहे. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्याचं कौतुक फक्त मोटारी करतात, म्हणून जळतो.

बुधवार, १ ऑक्टोबर

हे मी खरं खरं लिहून ठेवणार आहे, कारण उद्यापासून मला माझ्या सोयीचंच आठवायला लागेल.

आज खंडेनवमी. कारखान्यात सकाळपासून पाने, पक्कड, वेल्डिंगचे सेट, काट्याचा पत्रा, सगळं धुऊन पुसून कुंकू लावून ठेवलेलं. साडेअकराच्या सुमारास साहेब, स्लिप विभागातले जुने कारकून वैजनाथ आणि आणखी दहाएक जण ताट घेऊन सर्व्हरच्या खोलीत आले. छबूबाई ओलं फडकं घेऊन पुढे. त्या म्हणाल्या, "चालत्या हत्याराची पूजा करत्यात व्हय? वर्साचा एक दिस तरी त्याला बसू द्या." सगळे हसले. साहेब म्हणाले, "दहा मिनिटं बंद करा बाई. तेवढ्यानं काय होतंय?"

चिठ्ठी माझ्यासमोर होती. 'बंद करू नये.' मी नाही म्हणायला हवं होतं. पण खोलीत बारा माणसं, हळद-कुंकवाचं ताट, झेंडूचा हार, आणि त्यात मी एकटी ख्रिस्ती. मी नाही म्हटलं असतं तरी कोणी काही बोललं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. दर नाताळला हीच माणसं माझ्या घरी करंज्या आणि केक खाऊन जातात. पण 'बाईंना पूजा नकोय' असं एखाद्याच्या मनात आलं तर, हे माझ्याच मनात आलं. गेल्या वर्षी अमृत सरांनी बिनधास्त नाही म्हटलं होतं आणि हार बाहेरून घातला होता. त्यांना ते जमतं.

मी पाचही यंत्रांना नाव घेऊन, एकेक करून, रीतसर बंद केलं. मग पेटी. तीन वर्षांत पहिल्यांदा ती खोली गप्प झाली. छबूबाईंनी जाळीतून ओंजळभर धूळ काढली. नारळ फुटला. मलाही फूल वाहायला बोलावलं आणि मी ते मनापासून वाहिलं.

सगळे गेल्यावर पेटी चालू केली. आतली यंत्रं आपणहून उठली नाहीत, म्हणून एकेकाला start दिलं. काटा आला, गेट आलं, हजेरी, प्रयोगशाळा. ऊसनोंदीला हाक मारली तर उत्तर आलं की या नावाचं यंत्रच नाही. ऑल लावून यादी मागितली. चार नावं. बंद आहे असंही म्हणत नाही, नाहीच म्हणतंय. मी ती कमांड बावीस वेळा दिली.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

अमृत सरांना चौदा फोन केले. फोन बंद आहे. मेसेज टाकला. नव्या नोकरीत पहिले पंधरा दिवस कसलं तरी प्रशिक्षण आहे, असं ते म्हणाले होते ते आता आठवलं.

बॅकअपच्या डिस्कवर पाहिलं. चार यंत्रांचा बॅकअप आहे, रोजचा, नीट तारखेवार. ऊसनोंदीचा एकही नाही. सरांनी लिहिलेला प्रोग्राम पेटीच्या नोंदवहीतून नावं घेतो आणि एकेकाचा बॅकअप काढतो. ज्याचं नाव त्या वहीत नाही, त्याचा काढत नाही. पण तीन वर्षं चालू असलेल्या यंत्राचं नाव वहीत कसं नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

कारखान्यात अजून कोणालाही सांगितलेलं नाही. जेम्सला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "लाईट गेल्ती म्हण. लाईट काय साक्ष द्यायला येतीय?" मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली, कारण ते वाक्य मी मनात एकदा म्हणून पाहिलं होतं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

साहेबांना सांगितलं. लाईट गेली असं नाही सांगितलं. मी बंद केलं, मला चिठ्ठी दिसत होती, तरी केलं, असं सांगितलं.

त्यांनी पुढ्यातली फाइल मिटली. मग म्हणाले, "बंद करा असं मीच म्हणालो होतो."

"पण करणारी मी होते साहेब."

"बाई, पंधरा तारखेला तोडणीची यादी लावायचीय, एक नोव्हेंबरला मोळी टाकून गाळप सुरू. यादी नाही निघाली तर यंदा तुमचं पत्र मी वरती कोणत्या तोंडानं मागू?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढे त्यांनी वैजनाथना बोलावून हाताने यादी करायला सांगितलं. वैजनाथ जुनी रजिस्टरं काढून बसलेसुद्धा. मला म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ बाई. समदी गावं मला तोंडपाठ हायेत. मशीन न्हवतं तवा काय कारखाना बंद हुता?" ते हे चांगुलपणानेच म्हणाले. मला मात्र मनकर्णाबाई बाकावर बसलेल्या दिसल्या.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सकाळी दळण टाकून येताना सुचलं. यंत्र गेलं, पण त्यानं तीन वर्षं जे साठवलं ते कुठेतरी पडलेलं असणार. एवढा माल हवेत जात नाही.

कारखान्यात जाऊन, यंत्रांच्या डिस्क जिथे ठेवतात तो फोल्डर उघडला. फायली पाच निघाल्या. चारांची नावं ओळखीची. पाचवीचं नाव demo2, आणि आकाराने सगळ्यांत मोठी. शेवटचा बदल १ ऑक्टोबर, ११ वाजून ४६ मिनिटं. पूजा बाराच्या आत उरकायची म्हणून मी तेव्हा सारखी घड्याळाकडे बघत होते. अकरा शेहेचाळीसला मी ऊसनोंद बंद केलं होतं.

तिला हात लावला नाही. आधी तिची प्रत करायला ठेवली बॅकअपच्या डिस्कवर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. वडील शाळामास्तर होते, मूळ कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही हे त्यांनी लहानपणीच डोक्यात घातलंय.

रविवार, ५ ऑक्टोबर

चर्चमध्ये पाळक काय बोलले ते विचारू नये. मी पूर्ण वेळ कमांड पाठ करत होते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रतीवर प्रयोग केला. तयार डिस्क घेऊन तिच्याभोवती नवं यंत्र उभं करायची एक कमांड आहे, चार ओळींची. त्यात कुठे दोन रेघा, कुठे एक, कुठे स्वल्पविराम, स्पेस चुकली तरी नाही म्हणते. नऊ वेळा नाही म्हणाली. दहाव्यांदा स्क्रीनवर ओळी पळायला लागल्या आणि शेवटी पासवर्ड विचारला. तो माझ्या ओळखीचा होता.

आत गेले. नोंदी मोजायला सांगितल्या. बारा हजार चारशे अठरा. मग मनकर्णाबाईंचं नाव शोधलं. अकरा जुलै, अडीच एकर, सगळं जागच्या जागी. मी खुर्चीत बसून रडले. छबूबाईंनी दार लोटून घेतलं आणि बाहेर कोणाला तरी, "बाई कामात हायेत," असं सांगितलं.

पण काम झालेलं नाही. या खोलीतून नोंदी दिसतात, बाहेरच्या एकाही कॉम्प्युटरवरून उघडत नाहीत. नवं यंत्र केलं की त्याला नेटवर्कचा नवा नंबर मिळतो, आणि गटागटातली ऑफिसं जुन्याच नंबरच्या यंत्राला हाका मारत बसलीत. जुना नंबर मला माहीत नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

वैजनाथांची एकतीस गावं झाली. माझं काहीच झालं नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

झालं.

आधी रागाने लिहायला बसणार होते, आता आनंदाने लिहितेय. सकाळपासून मी virsh ची सगळी मदतपानं वरून खाली वाचली, डिक्शनरी शेजारी ठेवून. यंत्र बनवायला एक फाइल लागते. त्या फाइलीत यंत्राची सगळी कुंडली असते, मेमरी किती, डिस्क कुठे, नेटवर्कचा नंबर काय. म्हणजे ऊसनोंदीसाठी सरांनी कधीतरी अशी फाइल केलीच असणार. सर हुशार, पण टेबल कायम पसरलेलं. त्यांचं सगळं डाउनलोडच्या फोल्डरमध्ये असायचं, चहावाल्याच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेसकट. तिथे शोधलं. पत्रिका निघाली आणि तिच्या खाली demo2 ची फाइल. उघडली. डिस्क तीच, आणि जुना नंबर.

आता ही फाइल पेटीला द्यायच्या कमांड दोन. एक create, एक define. दोन्हींत फरक काय, हे कळायला मला एक तास लागला. create दिली की यंत्र लगेच चालू होतं, पण पेटी त्याची कुठेही नोंद करत नाही. चालू आहे तोवर यादीत दिसतं, बंद पडलं की पेटी त्याला विसरते. define दिली की आधी त्याचं नाव वहीत पक्कं चढतं आणि मग आपण ते चालू करायचं.

प्रयोगाचं यंत्र आधी बंद करून काढून टाकलं. मग define दिली. ऑल लावून यादी मागितली. पाच नावं. मग start. गेटवरच्या ऑफिसला फोन करून म्हटलं, "ऊसनोंद उघडून बघा." तिकडून आवाज आला, "उघडली की मॅडम. बंद हुती का कवा?" यांना आठ दिवसांत कळलंही नव्हतं, काय म्हणायचं यांना. शेवटी पाचही यंत्रांना autostart लावलं, म्हणजे पेटी कधी बंद पडलीच तर उठताना सगळ्यांना घेऊन उठेल.

साहेबांना सांगायला गेले तर ते फोनवर होते. मी खुणेने पाच बोटं दाखवली. त्यांनी फोन ठेवून दिला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

अमृत सरांचा फोन आला, घाबराघुबरा. मी म्हटलं, सर, चालू झालंय. कसं केलं ते सांगितलं. ते दोन मिनिटं नुसतं "बापरे" म्हणत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, माझीच चूक. सुरुवातीला डेमो म्हणून तात्पुरतं create ने चालू केलं होतं. चांगलं चाललं, मग सगळे त्यावरच काम करायला लागले. define करायचं राहूनच गेलं."

"तीन वर्षं, सर?"

"चालत होतं ना मॅडम. चालत असलं की लक्षात येत नाही."

मला त्यांचा इतका राग आला की मी फोन लवकर ठेवला. नंतर वाईट वाटलं, बिचारे मनापासून माफी मागत होते. एवढा राग का आला, मला कळलं नाही. जेवणही गेलं नाही नीट.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

यादी निघाली, एक दिवस आधी. अठ्ठ्याऐंशी पानं.

साहेबांनी वैजनाथांची यादी आणि माझी यादी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मनकर्णाबाई माझ्याकडे चौदाव्या, वैजनाथांकडे दोनशे बाराव्या. वैजनाथ म्हणाले, त्यांच्या रजिस्टरात बाईंची लागण सप्टेंबरची आहे. पान काढलं. ते रजिस्टर मागच्या लागणीचं होतं. आणखी सात नावं अशीच निघाली. मला वाटलं आता हे चिडणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आपल्या यादीवर उभी रेघ मारली.

"बाई," ते म्हणाले, "माझ्या हातच्या यादीला इतकी वर्सं कुनी ताडून बघितलंच न्हाई. बघाया पायजे हुतं."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्यांच्यासाठी चहा मीच सांगितला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

साहेबांनी झाल्या प्रकाराचा लेखी अहवाल मागितला, एक पानाचा, संचालक मंडळापुढे ठेवायला. म्हणजे चूक कोणाची ते कागदावर येणार. जेम्स म्हणाला, सरांवर ढकल, नाहीतरी गेलेत. मी ढकललं नाही. माझी चूक पहिल्याच ओळीत लिहिली. खाली असं लिहिलं:

'सदर यंत्र तीन वर्षे अखंड चालू होते व विभागाचे संपूर्ण काम त्यावर अवलंबून होते. तथापि ते तात्पुरते म्हणून सुरू केलेले असल्याने त्याची कायम नोंद करण्यात आली नव्हती. काम सुरळीत चालू असल्याने ही बाब कोणाच्याही लक्षात आली नाही. बंद पडल्यावर ते यादीतून नाहीसे झाले. असे यंत्र वेळीच नोंदवून घेणे हाच उपाय आहे.'

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्ही मशीनबद्दलच लिहिलंय ना?"

"हो साहेब. दुसरं कशाबद्दल?"

 त्यांनी कागद फाइलला न लावता खिशात घातला. भाषा जास्त कडक झाली की काय, कोण जाणे. 'हाच उपाय आहे' असं मी साहेबांना सांगायला नको होतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दिवाळीचे दिवस पाहुण्यांत गेले. आज संचालक मंडळाची सभा झाली. साहेब माझा कागद घेऊन आत गेले ते दोन तास बाहेर आले नाहीत. चहा घेऊन आत गेलेल्या शिपायाने सांगितलं, "तुमचंच काय तरी चाललंय बाई. साहेब उभं राहून बोलत्यात." मी दिवसभर पाचही यंत्रं तपासत बसले. सगळी चालू होती, तपासण्यासारखं काही नव्हतं.

बाहेर आल्यावर साहेब माझ्याकडे बघून नुसते हसले. संकट आलं की हसायची त्यांना सवय आहे.

मला भीती वाटतेय, हे इथे लिहून ठेवते. घरी कोणाला सांगितलेलं नाही. पण एक सांगते, त्यांनी पत्र नाही दिलं तरी ऊसनोंद मी परत उभी केली, ते कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज मोळी टाकली. ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळ मंडप, ताशे, धूर. मी तिकडे गेलेच नाही, पहिल्या दिवशी काटा आणि गेट दोन्हींवर एकदम ताण येतो म्हणून खोलीतच होते. पहिल्या गाडीला टोकन नीट मिळालं, वजनाची स्लिप नीट निघाली. मनकर्णाबाईंकडे टोळी मंगळवारी जाणार आहे. त्या सांगायला आल्या, बरोबर मक्याची पिशवीभर कोवळी कणसं घेऊन. छबूबाईंनी त्यातली निम्मी लगेच आपल्या पिशवीत घातली.

साडेपाचला साहेब स्वतः खोलीत आले आणि पाकीट दिलं. शिपायाकडून पाठवतात एरवी. मी म्हटलं, "थँक्यू साहेब," आणि पर्समध्ये टाकलं, कारण काट्यावरून फोन आला होता. साहेब थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "वाचा बाई निवांत," आणि गेले. पत्र निघालं एवढंच मला पुरे होतं. 

घरी आल्यावर चहा पिताना उघडलं. दरवर्षी सात ओळी असतात, यंदा चारच. शेवटची ओळ कायम एकच असायची, 'हंगाम समाप्तीनंतर आपली सेवा आपोआप संपुष्टात येईल.' ती कुठेच नाही. मागे उलटून पाहिलं, तिथेही नाही. टायपिस्टकडून राहिली असणार, दिवाळीनंतर सगळे असेच सुस्तावतात. मी जेम्सला म्हटलं, सोमवारी साहेबांना दाखवून दुरुस्त करून घेते, उगाच नंतर भानगड नको.

जेम्सने पत्र हातातून घेतलं.  "रोझी," तो म्हणाला, "दुरुस्त हूनच आलंय ते. परत वाच."

परत वाचलं. वर ठराव क्रमांक आहे, सत्तावीस तारखेच्या सभेचा. माझ्या नावापुढे 'हंगामी' नाही. तिथे 'कायम' लिहिलंय.

सावेडीला माझ्या वडिलांना, दादांना, फोन लावला. त्यांनी "काय गं" म्हटलं आणि मला बोलताच येईना. शेवटी जेम्सने फोन घेतला आणि त्यांना पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं. चारच ओळी होत्या, पण दादांनी त्या तीनदा वाचायला लावल्या.